पाहुणेरावाचा फाटका खिसा

कपड्यावरचा डाग कशाचा आहे, हे डागताई नुसत्या वासावरून सांगायची. लॉन्ड्रीत बावीस वर्षं तिने तेवढंच केलं होतं, आणि तिचं खरं नाव मालकांनाही हजेरीपुस्तकात बघावं लागे. अशा बाईचा एका चोरावर जीव जडावा, याची लॉन्ड्रीतल्या पोरींना भारी गंमत वाटायची.

चोर नाटकातला होता. शहरातल्या नाट्यगृहात दर रविवारी दुपारी एका विनोदी संगीत नाटकाचा प्रयोग व्हायचा, आणि त्यात पाहुणेराव नावाचा एक इसम होता. बोलावणं नसताना मेजवानीला जायचं, पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं, थापा मारायच्या आणि चमचे ढापायचे, हा त्याचा धर्म. दुसऱ्या अंकात तो मूठभर चमचे डाव्या खिशात कोंबून स्वतःच्या प्रामाणिकपणावर भाषण ठोकायचा, आणि ऐन भाषणात एकेक चमचा खाली पडायचा. टण. टण. त्या टणटणीवर वादक ताल धरत आणि गाणं सुरू होई. डागताईने हे तेवीस वेळा पाहिलं होतं, तेही बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून. तिथून पाहुणेराव अंगठ्याएवढा दिसे.

तिचा थोरला भाऊ त्याच माळेतला मणी. तोंड उघडलं की थाप. एकदा दोन दिवसांसाठी म्हणून तिचं शिलाई मशीन घेऊन गेला, कुणाला तरी देऊन टाकलं, आणि चोरी झाली म्हणून वर स्वतःच रडला. तिने दार बंद केलं ते चार वर्षं. मग एका रविवारी मैत्रिणीने तिला ओढून नाटकाला नेलं. चमचे पडले आणि ती पोट धरधरून हसली. घरी परतल्यावर जिना चढताना तिच्या ध्यानात आलं, की आपण दादालाच हसत होतो, आणि हसता हसता राग कुठे गेला ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दादाला फोन केला. आता दोन वर्षं तो तिच्याच बाहेरच्या खोलीत राहत होता. थापा चालूच होत्या, जित्याची खोड ती. पण संध्याकाळी दार उघडायला घरात माणूस होतं. हे आपल्याला पाहुणेरावाने दिलं, असं ती मानायची आणि मनातल्या मनात त्याचे आभार मानायची.

एका गुरुवारी नाटकाचे कपडे तिच्या लॉन्ड्रीत आले, कारण नाट्यगृहाचा नेहमीचा धोबी आजारी होता. गठ्ठ्यातून पाहुणेरावाचा हिरवा कोट निघाला. डावा खिसा तळाशी उसवलेला, आणि तिथे लाल दोऱ्याची गाठ. लॉन्ड्रीत लाल दोरा म्हणजे ‘इथे शिवा’. एरवी ते काम मशीनवरच्या पोरीचं, पण या खिशाला डागताईने कुणाला हात लावू दिला नाही. चष्मा चढवून तिने दुहेरी टाके घातले, जन्मात उसवणार नाहीत असे. त्याच्यासाठी एवढं तरी करता आलं, म्हणून तिला फार बरं वाटलं.

लॉन्ड्रीला तिसऱ्या रांगेचे दोन पास मिळाले. ती दादाला घेऊन गेली. ‘असली नाटकं मी ढिगाने लिहून टाकलीयत,’ म्हणून आजवर तो कधी आला नव्हता.

दुसरा अंक आला. पाहुणेरावाने चमचे खिशात कोंबले, छातीवर हात ठेवून भाषण सुरू केलं आणि पाय झटकला. काहीच पडलं नाही. वादक टणटणीची वाट बघत थांबले. त्याने पुन्हा पाय झटकला. इतके दिवस तिला वाटे, चमचे ठासून भरलेल्या खिशाच्या तोंडातून निसटतात. आज जवळून बघताना तिला कळलं, की ते त्या भोकातून पडायचे.

“दादा, तो खिसा मी शिवलाय,” ती कुजबुजली. “याचं गाणं घालवलं मी.”

दादा खुर्चीत पुढे सरकून बघू लागला.

पाहुणेराव उड्या मारू लागला. लोक हसले, मग हसायचे थांबले. त्याने खिशात हात घातला आणि तळ चाचपला. मग एक चमचा बाहेर काढून त्याच्याकडे बघत राहिला.

“जन्मात पहिल्यांदा खिशाने साथ दिली,” तो म्हणाला, “तर आता मलाच राहवत नाही.” आणि त्याने चमचा आपल्या हाताने खाली टाकला. टण. वादकांनी ताल धरला आणि नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. डागताई मात्र तोंडाला पदर लावून बसली होती.

पडदा पडल्यावर ती दादासह आत गेली. पोशाखवाल्या बाई कोट उलटा करून बघत होत्या.

“कपडे उशिरा आले, बघायला वेळ मिळाला नाही. पण लाल दोरा बांधला होता की मी. लाल दोरा म्हणजे हात लावू नका. कुणी शिवलं हे?”

“मी,” दादा पुढे होत म्हणाला. “हिचा काही संबंध नाही. पूर्वी मी एका राजाचा शिंपी होतो.”

डागताई त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या हजार थापा तिने ऐकल्या होत्या, पण तिच्यासाठी मारलेली ही पहिलीच.

“दादा, गप्प बस. बाई, मीच शिवला. आमच्यात लाल दोरा म्हणजे इथे शिवा. आणि पाहुणेरावाचा खिसा फाटका बघवेना मला.”

पाहुणेरावाचं काम करणारा नट शेजारीच तोंडावरचा रंग पुसत हसला. “टाळ्या मात्र आज जास्त पडल्या.”

“मग असाच ठेवायचा का?” बाईंनी विचारलं.

“नको,” डागताईच म्हणाली. “आपणहून कबूल करणाऱ्यातला नाही हो पाहुणेराव. आहे तसा असू दे.”

तिने कात्री मागितली आणि कपड्यांच्या पेटीवर बसून स्वतःचे टाके एकेक करून काढले. ते निघता निघेनात. शेवटी लाल दोऱ्याची गाठ तिनेच पुन्हा बांधली आणि कोट नटाच्या हातात दिला.

“दोन वर्षांपासून तुमचे आभार मानायचे होते.”

“कशाबद्दल?”

तिने दादाकडे बोट दाखवलं. “हा घरी परत आला, त्याबद्दल.”

“मी गेलो कधी होतो?” दादा म्हणाला.