आभाराचे दोन शब्द

"पोट आत ओढू नका, अध्यक्ष. श्वास सोडा. आत्ता लपवलंत तर नेमकं माइकसमोर बटण तुटायचं."

अध्यक्ष खळखळून हसले आणि त्यांनी श्वास सोडला. मोठीने त्यांच्या पोटाभोवती टेप फिरवला, माप घेतलं आणि टेप पुन्हा गळ्यात अडकवला.

"कापड जरा भारीच घेतलंय," ते म्हणाले. "इंजिनिअरसाहेब येणार, पेपरवाले येणार. उगाच गबाळं नको दिसायला."

"गबाळं कसं दिसू देईन मी? त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा तुमच्यावरच असणार."

"तुमचेच उपकार, मोठ्या ताई. सकाळी झेंडी घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक तुम्ही जमवलेत, म्हणून सिग्नल मंजूर झाला. नाहीतर आमच्या परिसर समितीला कोण विचारतं? आणि हो, आभार तुम्हीच मानायचे बरं का. फार नको. दोन शब्द."

"दोनच बोलेन," मोठी म्हणाली. "खांदे सरळ ठेवा."

ते गेल्यावर तिने कापड टेबलावर पसरलं. पूर्वी या टेबलाशी तिची धाकटी बहीण उभी असायची. दुकान दोघींचं. धाकटी कापायची, मोठी शिवायची. दोघींची लग्नं झाली नव्हती. का झाली नाहीत हे विचारायचा कंटाळा येईपर्यंत लोकांनी विचारलं आणि मग सोडून दिलं. धाकटीचा हात असा, की खडूची एक रेघ मारायची आणि कात्री चालवायची. मोठी म्हणायची, "अगं, नीट आखून घे, कापड परक्याचं आहे." धाकटी म्हणायची, "तू मशीन चालव. माझ्या कात्रीला दृष्ट लावू नकोस."

धाकटी गेली ती दुकानासमोरच्या वळणावर. शाळेचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, त्या कोपऱ्यावर अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान. कपाटं, पलंग उतरवायला त्यांचा ट्रक तिथेच, अगदी वळणाच्या तोंडाशी उभा राहायचा. धाकटी त्या ट्रकच्या आडून बाहेर पडली आणि पलीकडून आलेल्या टेम्पोला ती दिसलीच नाही. हातात काज करायला दिलेले शर्ट होते. ते रस्ताभर पसरले होते.

त्या कोपऱ्यावर गतिरोधक आणि सिग्नल बसवायचं पालिकेने त्याआधीच ठरवलं होतं. खांबाची जागासुद्धा खडूने आखून झाली होती. पण समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले होते, "घाई नको. आधी नीट पाहणी होऊ दे." सिग्नल बसला असता तर ट्रक उभा करायला जागा उरली नसती, हे बैठकीतल्या प्रत्येकाला कळत होतं. तरी सगळ्यांनी हात वर केले. अध्यक्ष गोड बोलायचे, अडीनडीला धावून यायचे, आणि वाकड्यात कोण शिरणार? समितीचं पत्र पालिकेत गेलं आणि काम थांबलं.

तेही मोठीने गिळलं असतं कदाचित. माणूस स्वार्थी असतो, दुकान चालवणाऱ्याला ते कळतं. पण तेराव्याच्या आतच समितीच्या फळ्यावर, जिथे पाणी कधी येणार नाही आणि कुणाचं मांजर हरवलं अशा बातम्या लिहितात तिथे, एक ओळ लिहिलेली तिला दिसली: 'पादचाऱ्याचं लक्ष नसल्याने अपघात. नागरिकांनी काळजी घ्यावी.' अक्षर अध्यक्षांचं होतं. वळणदार, सुरेख.

ओळ पुसायला हात उचलला होता तिने. मग खाली घेतला. राहू दे, म्हणाली. पुसली तर हिशेब फिटला असं होईल.

त्यानंतर ती भांडली नाही. अध्यक्षांच्या दारात जाऊन तळतळाट केला नाही. उलट समितीच्या बैठकीला जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसायला लागली. सतरंज्या झटकल्या, चहाचे कप विसळले. शाळेच्या वेळेला लाल झेंडी घेऊन वळणावर उभं राहायची कल्पना तिचीच. चमकत्या पट्ट्यांची जाकिटं तिने स्वतः शिवली. हळूहळू लोक जमले, पालिकेची माणसं येऊन बघून गेली, आणि वारा कुठून वाहतोय हे कळताच अध्यक्ष पुढे झाले. निवेदनं द्यायला तेच, फोटोत मधोमध तेच. मोठी प्रत्येक वेळी म्हणायची, "तुम्ही पुढे व्हा, अध्यक्ष. तुम्हीच शोभता." शेजारचा पानसुपारीवाला एकदा कुजबुजला, "ताई, सख्खी बहीण गेली तुमची, आणि तुम्ही ह्यालाच डोक्यावर घेताय?" मोठी म्हणाली, "उंचावर चढवतेय, काका." त्याला काही उमगलं नाही.

या सगळ्यात एकच गोष्ट तिने ठरवली नव्हती, ती म्हणजे वहिनी. अध्यक्षांच्या बायकोला सगळे वहिनीच म्हणायचे. मोठी पहिल्यांदा झेंडी घेऊन उभी राहिली तेव्हा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला वहिनी येऊन उभ्या राहिल्या. कुणी बोलावलं नव्हतं. "एका बाजूने थांबवून काय उपयोग?" एवढंच म्हणाल्या. मग रोजच यायला लागल्या. मुलं शाळेत गेली की रस्ता ओलांडून अलीकडे यायच्या, आणि दोघी दुकानाच्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा प्यायच्या. वहिनी कमी बोलायच्या. एकदा दुकानात धाकटीची कात्री खुंटीला अडकवलेली बघून म्हणाल्या, "हिला तेल देत जा, ताई. गंजेल." पुढच्या दिवशी स्वतःच तेलाची बाटली घेऊन आल्या.

मोठीला त्या आवडायला लागल्या होत्या. हे तिला गैरसोयीचं वाटायचं. पण नवरा वेगळा, बायको वेगळी, असं ती स्वतःला सांगायची, आणि पुढचा विचार करायची नाही.

कोट तिने जीव ओतून शिवला. कॉलर दोनदा उसवून पुन्हा बसवली. अध्यक्षांनी आरशात पाहिलं आणि कॉलरवरून हात फिरवला. "ताई," ते म्हणाले, "लग्नातसुद्धा असा बसला नव्हता हो."

समारंभाला वळणावरच मांडव घातला होता. नवा खांब, नवे पांढरे पट्टे, खांबावर बटण. ते दाबलं की गाड्यांना लाल दिवा लागणार. इंजिनिअर थोडक्यात बोलले. मग अध्यक्ष उठले. "हे माझं फार जुनं स्वप्न होतं," ते म्हणाले. "या वळणाने आपलं एक माणूस नेलं, तेव्हाच मी मनाशी शपथ घेतली होती." बोलताना त्यांनी रुमालाने डोळे टिपले. मोठी त्यांच्याकडे निरखून पाहत होती. तिच्या लक्षात आलं, हा माणूस खोटं बोलत नाही. त्याला आता हे खरंच वाटतं. तिचा राग आणखी थंड झाला.

पहिल्या रांगेत स्वयंसेवक बसले होते. वहिनीही जाकीट घालून तिथेच. मोठीनेच त्यांना आग्रहाने पुढे बसवलं होतं.

आभार मानायला मोठी उठली. माइक तिच्यासाठी उंच होता, कुणीतरी तो खाली केला.

"आभार मानताना कुणाला विसरू नये म्हणतात," ती म्हणाली. "इंजिनिअरसाहेबांचे आभार. भर उन्हात पट्टे मारणाऱ्या माणसांचे आभार. स्वयंसेवकांचे आभार. आता अध्यक्षांचे. त्यांच्यासाठी शब्द जुळवायला मला काही वर्षं लागली, म्हणून सावकाश बोलते."

लोक हसले. अध्यक्षांनी हात जोडले.

"हा सिग्नल माझी बहीण जिवंत असतानाच मंजूर झाला होता. हा खांब आहे ना, याच जागी खडूची खूण होती. अध्यक्षांनी तो थांबवला. का? तर इथे त्यांचा ट्रक उभा राहायचा. त्या ट्रकबद्दल मी त्यांचे आभार मानते. त्याच्याच आडून माझी धाकटी रस्त्यावर आली."

इंजिनिअरसाहेबांनी वळून अध्यक्षांकडे पाहिलं.

"मग फळ्यावर लिहून आलं, तिचं लक्ष नव्हतं. जी नुसत्या नजरेने कापड कापायची, तिचं लक्ष नव्हतं! एवढ्या सुंदर अक्षरात तिच्या मरणाचा ठपका तिच्यावरच ठेवला, त्याबद्दलही आभार. आणि त्या बैठकीत ज्यांनी ज्यांनी हात वर केले, ते सगळे इथे बसलेत. नावं घेत नाही. आपापले आभार आपणच मानून घ्या."

"ताई, अहो, हे काय—" अध्यक्ष अर्धवट उठले. "तेव्हा परिस्थिती वेगळी होती. मी... साहेब, त्या जरा..." त्यांनी समितीच्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. सगळ्यांना सगळं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि माइकवरून ऐकणं वेगळं. मागून पानसुपारीवाल्याचा आवाज आला, "खोटं काय आहे त्यात?" आणि एकाने तोंड उघडल्यावर मग दहा जणांनी उघडलं.

"दोन शब्द संपले," मोठी म्हणाली. "आता बटण दाबा, अध्यक्ष. तुमचं जुनं स्वप्न आहे."

अध्यक्ष जागेवरून हलले नाहीत. नव्या कोटात ते घामाने भिजले होते. तेव्हा पहिल्या रांगेतून वहिनी उठल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. मोठीकडे पाहिलं, नीट, डोळ्यांत डोळे घालून, आणि खांबापाशी जाऊन त्यांनी बटण दाबलं. गाड्या थांबल्या. वहिनी पट्ट्यांवरून एकट्या चालत पलीकडे गेल्या, घराच्या दिशेने.

सूड घेऊन समाधान मिळत नाही असं लोक म्हणतात. मोठीला मिळालं. त्या दिवशी ती पोटभर जेवली आणि मेल्यासारखी झोपली. अध्यक्षांनी आठवड्याच्या आत समिती सोडली. त्यांचा ट्रक मागच्या बोळात उभा राहायला लागला, आणि ते स्वतः सकाळचं फिरणं सोडून घरात बसायला लागले. फळ्यावर कुणीतरी ठळक अक्षरांत लिहिलं: 'वळणावरच्या अपघातात मयत भगिनीची कोणतीही चूक नव्हती.' येणारेजाणारे दुकानात डोकावून म्हणायचे, "बरं केलंत ताई, कुणीतरी बोलायलाच हवं होतं." त्यातले निम्मे हात वर करणारेच होते. मोठी म्हणायची, "माप द्यायचंय का?" आणि मशीन चालू करायची.

काही दिवसांनी दुपारच्या सुमारास वहिनी आल्या. पायरीवर बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घरी बोलला असतात."

"असं वाटलं तुम्हाला?"

"नवरा आहे तो तुमचा, वहिनी."

"आहेच." वहिनींनी दाराची चौकट धरली. "ती बैठक आमच्या घरी झाली होती. चहा मी फिरवत होते. त्यांनी घाई नको म्हटलं ते मी ऐकलं, सगळ्यांचे हात वर झालेले पाहिले आणि रिकामे कप गोळा करून आत गेले. पुढे तुमची धाकटी गेली. मी रोज सकाळी कशाला येत होते, ताई? हवा खायला?"

मोठीने पायाखालचं मशीन थांबवलं.

"त्यांचं जे केलंत ते केलंत. त्यांनीच ओढवून घेतलं होतं ते," वहिनी म्हणाल्या. "मी काही त्यांची वकिली करायला आले नाही. पण मला तुम्ही हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलंत. जाकिटाची पट्टी सरळ केलीत. मला वाटलं, कौतुकाने बसवताय."

"मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं."

"मी तुमच्या शेजारी उभी राहून तेच बोलले असते. एकदा विचारायचंत."

"वहिनी, बसा ना. चहा टाकते."

"नको," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "घरी जेवण तसंच पडलंय. जेवत नाहीत ते हल्ली."

त्या निघून गेल्या. अध्यक्ष जेवत नाहीत याचं मोठीला वाईट वाटलं नाही. तिने मन तपासून पाहिलं, नाहीच वाटलं. पण हातातली शिलाई वाकडी गेली होती. ती उसवायला घेतली तर दोरा सापडेना, आणि मग तिने कापड तसंच बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झेंडी घेऊन वळणावर गेली. वाटलं होतं, पलीकडची बाजू रिकामी असेल. वहिनी वेळेवर उभ्या होत्या.

सिग्नल आल्यावरही शाळेच्या वेळेला दोन्हीकडे माणूस लागतंच. मुलं पळत सुटतात, त्यांना दिवा दिसत नाही. लाल लागला की मोठी झेंडी आडवी धरते, पलीकडे वहिनी धरतात. मुलं मधून गलका करत जातात. वहिनींचं कामात कधी चुकत नाही. एखाद्या लहानग्याची बुटाची नाडी सुटलेली असेल तर वाकून बांधतात, मोटारवाल्याने हॉर्न वाजवला तर त्याच्याकडे रोखून पाहतात. मोठीच्या बाजूला मात्र बघत नाहीत.

शेवटचं मूल फाटकातून आत गेलं की रस्त्यावर क्षणभर कुणी नसतं. पांढरे पट्टे मोकळे पडलेले असतात. मोठी झेंडी गुंडाळत थांबते, थोडी रेंगाळते. वहिनी आपली झेंडी नीट गुंडाळतात, काखेत घेतात आणि त्यांच्याच बाजूने चालायला लागतात. मग दिवा हिरवा होतो आणि मधून गाड्या जायला लागतात.