शालूबाईचा उताराचा ओटा

नाचणगावच्या शालूबाईनं नवऱ्याकडे, बंडूजींकडे, हट्टानं एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे मागच्या दारी भाजी धुवायला काँक्रीटचा ओटा. तोही उताराचा. जुन्या फरशीवर पालक-मेथी धुतली की पाणी सरळ स्वयंपाकघरात शिरायचं आणि ती चिखलात बसून पोळ्या लाटायची. म्हणून ओटा ओतताना ती तानबा मिस्त्रीच्या मानगुटीवरच बसली होती. उतार वांग्याच्या वाफ्याकडे हवा, हे तिनं त्याला इतक्यांदा ऐकवलं की त्याचे कान किटले. पण ओटा झाला अगदी तिच्या मनासारखा.

भिंतीचं प्लास्टर तेवढं उरलं होतं. तेव्हाच शालूबाई लेकीकडे सावंगीला गेली. वरून पडणारा सिमेंटचा मसाला नव्या ओट्याला चिकटू नये म्हणून तानबानं रीतीप्रमाणे ओट्यावर रेती पसरली होती. सगळं सुरळीत पार पडलं असतं, पण कारंज्याहून साडू पुंडलिकराव आले. साडू आला की बंडूजींचे पाय जमिनीवर राहत नाहीत. मिस्त्री जेवायला गेलेला पाहून त्यांनी खराटा घेतला, रेती बाजूला लोटली, पाहुण्याला ओटा दाखवला आणि चहाला आत नेलं. रेती परत टाकायचं काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. तानबा आला तो भिंतीकडे पाहतच परांचीवर चढला.

शालूबाई परतली तेव्हा ओटाभर मसाल्याचे लोंदे वाळून घट्ट बसले होते. कोपऱ्यात बंडूजींनी ॲसिड ओतून पाहिलं होतं. तिथं मसाल्याबरोबर ओट्याची सालही गेली होती आणि आतली गिट्टी दात विचकत होती.

"आता नाई निघत, वहिनी," तानबा म्हणाला. "उद्या सकाळी वरून एक थर मारून देतो."

"थर चढला की ओटा उंबऱ्याले भिडते. मंग पाणी कुठं जाईन?"

पाणी कुठं जाणार ते तानबालाही ठाऊक होतं.

"उद्या येजो," ती म्हणाली. "पण मी सांगतल्याशिवाय मसाला कालवू नको."

तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. ॲसिडची बाटली तिनं उचलून ठेवली. छन्नी ठोकली तर ओट्याला खड्डे पडतील, म्हणून तिनं लोखंडी उलथनं लोंद्याखाली आडवं धरलं आणि मागून वरवंट्यानं हलकेच ठोकलं. भिंतीवरची गोवरी निघावी तसा लोंदा अख्खा निघाला. खाली रेतीचा बारीक पापुद्रा तसाच होता. बंडूजींनी झाडलंच होतं असं वरवर, आपल्या नेहमीच्या पद्धतीनं.

"अजी, इकडं या," तिनं हाक मारली. "आजवर तुमच्या झाडण्याले मी नावं ठेवली. आज तेच कामी आलं."

बंडूजी चोरासारखे आले आणि उकिडवे बसले. दोघांनी मिळून लोंदे उडवायला सुरुवात केली. वाफ्याकडची कड मात्र बंडूजींनी साडूसाठी मन लावून झाडली होती, त्यामुळे तिथला मसाला दगड झाला होता. नेमकं पाणी जायची वाट तीच.

"अवो, काऊन एवढी जिवाले लावून राह्यली? एवढ्याशानं काय होते?" बंडूजींनी विचारलं.

"इथं अडलं तं सगळंच अडलं."

तिनं लाल वीट घेतली, पाणी शिंपडलं आणि घासायला बसली. वीट झिजली, दुसरी घेतली. हात भरून आले, कंबर मोडून आली, पण बाई हटली नाही. बंडूजी पाणी शिंपडत राहिले आणि मधूनच, न सांगता, विटेला हात लावू लागले. दिवस कलता कलता तिनं कडेवरून तळवा फिरवला. कुठंच काही टोचलं नाही.

सकाळी तानबा घमेलं घेऊन हजर झाला. शालूबाईनं उंबऱ्याशी बादली ओतली. पाणी क्षणभर पसरलं, मग वळलं आणि ओट्यावरून झरझर धावत थेट वांग्याच्या वाफ्यात उतरलं. स्वयंपाकघराकडे थेंबही फिरकला नाही. तानबानं घमेलं पालथं घातलं.

"आपल्याच्यानं नसतं झालं, वहिनी," तो म्हणाला.

शालूबाईला आभाळ ठेंगणं झालं. तिनं मेथीच्या जुड्या मधोमध ओतल्या आणि ऐसपैस मांडी घातली. तेवढ्यात वावरातून आलेले बंडूजी चिखलाच्या पायांनी ओट्याच्या कडेशी येऊन थबकले. या घराचे ते मालक, पण एक पाय उचललेला तसाच अधांतरी होता.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

शालूबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घाई कसली होती तिला?

"पाय धुवा," ती म्हणाली, "मंग या."