भैरोबाच्या जत्रेतला झोळीचा काटा

मित्रांनो, मला तुळईला लटकलेलं पाहून घाबरू नका, ती माझी बसायची जागा आहे! मी मिरजगावजवळच्या एका वाडीतल्या अंगणवाडीचा जुना वजनकाटा आहे. घड्याळासारखं गोल तोंड, पोटात स्प्रिंग, खाली आकडा आणि आकड्याला कापडी झोळी. झोळीत लेकरू ठेवलं की माझी सुई पळते. लेकरू रडतं, आई हसते आणि झोळी बहुतेक वेळा ओली होते. तक्रार नाही. कामच तसं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. टेम्पोतून हादरे खात इथे आलो, तेव्हा मला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. आमच्या सेविका सुरेखाताई सगळ्यांना सांगायच्या, "आपला काटा कधी खोटं बोलत न्हाई." मी असा काही फुगलो की विचारू नका! मग आला डिजिटल काटा. दिसायला देखणा, पण सेल संपला की निपचित. तरी सगळे त्याच्याच मागे. मदतनीस पुष्पावतीबाई तर माझ्या आकड्याला स्वतःच्या डब्याची पिशवी अडकवू लागल्या. मी रोज त्यांच्या भाकरीचं वजन करत होतो आणि कुणी विचारतही नव्हतं!

यंदा उन्हाळा लागला आणि अंगणवाडी ओस पडली. लग्नसराई, मामाचं गाव, वर ऊन. चुलीवर खिचडी शिजायची आणि खायला चिमण्या. सुरेखाताईंनी मोबाईलवरच्या ग्रुपात लिहिलं, "उद्या सगळ्यांनी लेकरं घेऊन या." सगळ्यांनी अंगठे पाठवले. अंगठे आले, लेकरं आली नाहीत.

ताईंना सगळ्यात मोठा घोर होता राजनंदिनीचा. नाव एवढं भारदस्त आणि पोरगी म्हणजे वाऱ्याने उडेल अशी! शिमग्याला डिजिटल काट्याचा सेल संपला होता, म्हणून मीच तिचं वजन केलं होतं. नेमकी त्याच रात्री ती तापली. झालं! तिची आजी रतनबाई म्हणाली, "काट्याची दिष्ट लागली. सारखं तोललं की लेकरू झिजतं." तेव्हापासून वजन बंद, अंगणवाडी बंद, खिचडीही बंद. ताप गेला, पण पोरीचं अन्नावरचं मन उडालं. ऐन उन्हाळ्यात ती अशीच वाळत राहिली तर दवाखान्यात न्यावी लागेल, ही ताईंना भीती.

एके दिवशी ताई मला पिशवीत घालून रतनबाईंच्या दारात गेल्या.

"राजनंदिनी कुठंय, मावशी?"

"मामाच्या गावाला गेली."

तेवढ्यात आतून भोकाड ऐकू आलं.

"मग हे कोण रडतंय?"

"ते व्हय? शेजारचं हाय."

"मावशी, शेजारी तुमचा गोठा हाय!"

रतनबाई हसल्या, पण उंबऱ्यातून हलल्या नाहीत. "बाई, तू पुन्यांदा जत्रंनंतर ये. मला लई कामं हायेत. भैरोबाला नातीच्या वजनाइतका गूळ बोललेय, तो आनायचाय."

पिशवीतल्या पिशवीत माझी सुई थरारली. काट्यावर ठेवलं की दृष्ट लागते आणि देवापुढे तोललं की पुण्य लागतं! ताई तडक पुजारी वाल्मिकबाबांकडे गेल्या. "बाबा, मागल्या साली तागडीतून एक पोरगं गुळात पालथं पडलं, आठवतंय ना? यंदा आमचा झोळीचा काटा लावा." बाबांना आठवत होतं. ते पोरगं त्यांचंच नातवंड होतं.

आणि मित्रांनो, जत्रेत मला देवळासमोरच्या लिंबाला टांगलं! गळ्यात झेंडूचा हार! ज्या आया अंगणवाडीकडे फिरकत नव्हत्या, त्या लेकरं काखेत घेऊन माझ्यापुढे रांगेत उभ्या. ताई प्रत्येकीशी बोलत होत्या, पुष्पावतीबाई लेकरांना खिचडी भरवत होत्या.

रतनबाई आल्या त्या ऐटीत. शिमग्याला पोर भरली होती तेवढा गूळ आणि वर मूठभर जास्तच. "नात वाढली असंल की!" राजनंदिनी झोळीत बसली. माझी सुई निघाली आणि शिमग्याच्या रेघेच्या अलीकडेच थांबली. मग तिला उतरवून झोळीत गूळ ठेवू लागले. सुई त्याच रेघेवर आली, तरी रतनबाईंच्या हातात नारळाएवढा खडा उरलेला.

"काटा खोटा हाय!" रतनबाई कडाडल्या.

माझा एवढा अपमान! ताईंनी शांतपणे दुकानातून किलोचा मिठाचा पुडा आणवला आणि रिकाम्या झोळीत टाकला. सुई बरोबर एकावर. कुणीतरी मागून म्हणालं, "आता मीठ खोटं म्हना, आजी."

सगळे हसले. रतनबाई हसल्या नाहीत. त्या खड्याकडे बघत राहिल्या, मग नातीच्या दंडाकडे.

"सुरेखा, एवढी माझी पोर गेली कुठं गं?"

"कुठं न्हाई गेली, मावशी. परत आणू. उद्यापासून रोज घिऊन या."

वाल्मिकबाबा म्हणाले, उरलेलाही देवाला वाहून टाका. रतनबाईंनी खडा पदरात बांधला. "न्हाई. वजनाइतकाच बोललेय. पोर भरंल तसा आनून देईन."

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी हजर! राजनंदिनी खिचडी खायची, थुंकायची, पुन्हा खायची. आठवड्याला मी वजन सांगायचो आणि जेवढी भर, तेवढा गूळ भैरोबाला. एका आठवड्यात सुई हललीच नाही, तर आजीबाई मला बोटाने ढकलायला निघाल्या! मग इतर आज्यांनाही चेव चढला. रतनबाई स्वतःच ग्रुपात आवाज पाठवू लागल्या, "अंगठं दावू नगा, लेकरं दावा!"

मित्रांनो, सुट्टी शाळेला असते, भुकेला नसते. तुमच्या घरात छोटं भावंड असेल तर उन्हाळ्यातही त्याला अंगणवाडीत नेत जा, आणि माझी सुई मागे आली तर माझ्यावर रागावू नका, मी फक्त वेळेवर सांगतो.

परवा खडा संपला. शेवटचा तुकडा वाहून रतनबाई देवळातून तशाच आमच्याकडे आल्या आणि राजनंदिनीला झोळीत ठेवून म्हणाल्या, "भैरोबाला सांगून आलेय, तुझं फिटलं. आता हितनं फुडं जे भरंल ते समदं हिचं."