पुढच्या चाकातला चीक

टायर आले त्या दिवशी सुहासिनीबाईंनी ते हातात घेऊन पाहिले आणि त्यांना मनापासून राग आला. टायरचा कसला राग, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. म्हणणाऱ्याचा मुलगा टायरपायी गेलेला नसतो.

कोपरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आता दोघीच राहत होत्या, सुहासिनीबाई आणि त्यांची सून ऋजुता. यजमान जाऊन कित्येक वर्षं झालेली. मानपाड्याला रंगाच्या एका कारखान्यात, तिथल्या लॅबमध्ये नोकरी करून बाईंनी स्वानंदला एकटीने वाढवलं. पोराला वेड एकच, सायकलचं. लग्नसुद्धा त्यातूनच जमलं. रविवारी पहाटे जो घोळका निघायचा त्यात ऋजुता होती. दोन वर्षांपूर्वी असेच दोघं निघाले. शीळ रस्त्यावर ऋजुता पुढे, स्वानंद मागे. खड्ड्यात त्याच्या पुढच्या चाकाची ट्यूब फुटली, सायकल आडवी झाली, आणि मागून डंपर येत होता. त्यापुढचं बाईंना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

ऋजुताची सायकल तेव्हापासून आतल्या खोलीत भिंतीला टांगलेली होती, वर जुनी चादर. या दिवाळीनंतर एक दिवस चादर घडी करून कपाटात गेली. बाईंच्या ते लगेच लक्षात आलं. मग जेवताना ऋजुताचा फोन पुढे यायला लागला.

"आई, हे बघा. हे पस्तीसचे, हे चाळीसचे, हे पंचेचाळीसचे."

"शर्टाचे नंबर आहेत की काय?"

"रुंदी हो, मिलिमीटरमध्ये. टायर जेवढा रुंद तेवढी हवा कमी भरली तरी चालते, मग खडी-दगडावर हाडं खिळखिळी होत नाहीत. पण पंचेचाळीसचे माझ्या सायकलला घासतील. चिखल अडकला तर चाकच जाम व्हायचं."

"मग आपले बारीकच घे ना."

ऋजुताचा घास हातातच राहिला. "बारीक स्वानंदचे होते," ती म्हणाली.

त्यानंतर बाईंनी टायरविषयी मत देणं सोडून दिलं. ऋजुता मात्र दोन महिने त्याच्या मागे होती. चाळीसचे ठरले. मधोमध बारीक दाणे, म्हणजे डांबरावर पळेल. कडेला मोठे, म्हणजे मुरुमावर वळताना घसरणार नाही. आणि मुख्य म्हणजे आत ट्यूबच नाही. टायर थेट रिमला घट्ट बसणार आणि आत एक पांढरं औषध, सीलंट, खेळत राहणार. काटा घुसला की आतली हवाच ते औषध भोकाकडे ढकलते आणि ते तिथल्या तिथे घट्ट होऊन भोक बुजतं.

"म्हणजे चीक," बाई म्हणाल्या. "रुईचं पान तोडलं की येतो तसा."

"अगदी तस्साच!" ऋजुता इतकी खूश झाली की बाईंना आपण बोललो याचा पश्चात्तापच झाला.

नाव ठेवायला जागाच नव्हती, तीच तर पंचाईत. शीळ रस्त्याचं तर ऋजुता नावही काढत नव्हती. तिच्या ऑफिसातली प्रियांका कल्याणची. प्रियांकाच्या भावाची, राजरत्नची पिकअप होती. रविवारी सकाळी सायकली तिच्यात घालायच्या, थेट खडवलीला उतरायचं, नदीकाठच्या कच्च्या रस्त्याने शेतांतून फिरायचं आणि दुपारच्या जेवणाला परत. ना गाड्या, ना डंपर. यात बाईंनी खोट काढायची तरी कुठून?

आता खरं सांगायचं तर बाईंना दोन गोष्टींची भीती होती. एक चारचौघांत सांगण्यासारखी, ती सगळ्यांना ठाऊकच आहे. दुसरी सांगण्यासारखी नव्हती. ऋजुताची आई ठाण्याला राहायची. तिचा आठवड्याला फोन यायचा आणि ऋजुता बोलायला गॅलरीत जायची. पण कोपरच्या फ्लॅटातली गॅलरी ती केवढी! सगळं ऐकू यायचं. किती दिवस अशी राहणार आहेस, वय काय तुझं, आम्ही काय कायमचे पुरणार आहोत का. चुकीचं काय बोलत होती ती माउली? काही नाही. बाईंनाही कळत होतं की पस्तिशीतल्या मुलीने सासूबरोबर संध्याकाळी बातम्या बघत आयुष्य काढायचं नसतं. सून हसावी असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि ती हसली की धास्तीही वाटायची. आज ही खडवलीला जाईल, उद्या ठाण्याला जाईल. मग या घरात स्वानंदचं नाव कोणापाशी काढायचं?

शनिवारी दुपारी गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून दोघी बसल्या. जुने टायर निघाले. रिमच्या आतल्या भोकांवर ऋजुताने चिकटपट्टी ताणून बसवली, व्हॉल्व्ह लावला, नवा टायर अंगठ्यांनी रेटून रेटून चढवला. बोटं लाल झाली बिचारीची. बाईंनी भांड्यांचा साबण पाण्यात फेसून आणला आणि फडक्याने कडेकडेने लावला, म्हणजे टायर सरकून आपल्या खाचेत बसावा. ऋजुता पंप मारायला लागली. हवा इकडून भर तिकडून गळ. साबणाचे बुडबुडे निघायचे आणि टायर आपला मख्ख.

"दाबून धरा आई, इथे, हां... अजून थोडं!"

बाईंनी दोन्ही हातांनी टायर आवळून धरला. ऋजुताने जीव खाऊन पंप मारला, आणि फाट्कन आवाज झाला.

टायर खाचेत बसला होता. बसताना असा आवाज होतोच, ऋजुताने ते आधी सांगूनही ठेवलं होतं. पण दोघी जागच्या जागी थिजल्या. समोरच्या इमारतीवरची कबुतरंसुद्धा उडाली. ऋजुताच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता, पंपाचा दांडा तिने तसाच धरलेला.

"असाच आवाज आला होता," ती म्हणाली.

दोन वर्षांत त्या सकाळबद्दल ती पहिल्यांदा बोलली. बाईंनी तिला जवळ घ्यायला हवं होतं. हात उचललाही त्यांनी. पण हाताला साबण होता, म्हणून त्या फडकं पिळायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा ऋजुता दुसऱ्या चाकाला लागली होती.

दोन्ही टायर बसले. आता हवा सोडायची, व्हॉल्व्हमधली बारीक पिन काढायची आणि त्या भोकातून सिरिंजने औषध आत सोडायचं, एवढंच राहिलं. तेवढ्यात ऋजुताचा फोन वाजला. ठाण्याहून होता.

"आई, तुम्ही घालाल? साठ साठ मिली. बाटली खूप हलवा हं, खाली गाळ बसतो."

"मला शिकवतेस? जन्म गेला माझा बाटल्या हलवण्यात."

ऋजुता हसली आणि फोन घेऊन आत गेली. बाईंनी बाटली हलवली. झाकण उघडताच अमोनियाचा उग्र वास आला आणि त्यांना आपली लॅब आठवली. मागच्या चाकात त्यांनी साठ मिली औषध अगदी मापात घातलं, थेंबसुद्धा सांडला नाही. पिन लावली, हवा भरली, चाक फिरवलं. मग पुढचं चाक मांडीवर घेतलं, सिरिंज भरली, टोक व्हॉल्व्हला लावलं. आतून ऋजुताचा आवाज आला.

"हो गं... कळतंय मला. उद्या फिरून येते ना, मग बोलू आपण."

मग बोलू. बाईंचा हात थांबला.

काय झालं ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. सिरिंजमधलं पांढरं दूध त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्यात सोडलं, त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि डबा कचऱ्याच्या पिशवीत तळाशी घातला. डोकं अगदी शांत चाललं होतं. रंगाच्या डब्याचं झाकण कितीही ठोकून बसवा, कुठूनतरी हवा शिरतेच आणि रंगावर साय धरते. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. तसंच हे. कड बुजवायला चीक नाही म्हटल्यावर रात्रभरात हवा जाणार, सकाळी चाक बसलेलं असणार, खाली गाडी उभी, घाईगडबडीत काही जमणार नाही. सायकल परत भिंतीवर. एक रविवार तर टळेल! पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी बघू. त्यांनी पिन लावली, हवा भरली आणि हेही चाक गरागरा फिरवलं.

"झालं?" ऋजुता बाहेर आली.

"झालं."

तिने दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले, चाकं सायकलला चढवली, "ग्रेट आहात तुम्ही, आई," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

रात्री बाईंना झोप कसली लागते! उजाडायच्या आधीच त्या उठल्या, दिवा न लावता गॅलरीत गेल्या आणि पुढच्या चाकावर हात ठेवला.

चाक दगडासारखं घट्ट होतं.

त्यांनी पुन्हा दाबलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. तसूभरही हवा गेली नव्हती. टायर चांगला निघाला होता. पोरीने दोन महिने जिवाचा आटापिटा करून निवडलेला, तो चांगलाच निघणार! आणि तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात उजेड पडला. हे चाक ऋजुताला खडवलीपर्यंत नेणार होतं. तिथे बाभळीचा एक काटा, उतारावर एक धारदार दगड, आणि आत चिकाचा थेंब नाही. पुढचं चाक बसणार. पुढचंच! जिच्यापायी पोरगा गेला तीच गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातांनी तयार करून ठेवली होती, वर हवा भरून.

त्यांनी घाईघाईने व्हॉल्व्हचं टोक सैल केलं आणि दाबलं. फस्स करून हवा सुटली. सगळी सोडावी, चाक पार बसू द्यावं. मग त्यांचा हात पुन्हा थांबला. बसलं तर काय होईल? ऋजुता येईल, पंप मारेल आणि निघून जाईल. आत काही नाही हे तिला कळणारसुद्धा नाही. पळवाटच राहिली नव्हती.

मागे दिवा लागला. ऋजुता दारात उभी होती, तयार होऊन, हातात हेल्मेट.

"आई? काय करताय?"

"यात चीक नाहीये."

"म्हणजे? काल तर तुम्ही..."

"मागच्यात घातला. यात नाही."

"सांडला का?"

बघा, अजूनही ती पोर सासूला वाट काढूनच देत होती. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. सांडला, ओशाळले, बोलले नाही. बाईंच्या ओठांवर ते आलंही होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मुद्दाम ओतून टाकला."

ऋजुताच्या खिशात फोन वाजायला लागला. प्रियांका खाली आली असणार. तिने उचलला नाही. वाजून वाजून तो बंद झाला.

"पुढच्याच चाकात?"

"हो."

"का?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

"खडवलीला?"

"कुठेच," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "मला वाटलं, रात्रीत हवा जाईल. सकाळी चाक बसलेलं असेल. आणि तू राहशील घरी."

"आणि नाही गेली हवा."

"नाही गेली गं."

ऋजुता हळूच खाली बसली, चाकासमोर, फरशीवर. ती ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती नुसती त्या चाकाकडे बघत राहिली. खालून रिक्षा गेल्याचा आवाज आला, कुणाच्या तरी घरात मिक्सर सुरू झाला.

"मी पडले असते, आई," ती म्हणाली.



ऋजुता उठली. प्रियांकाला फोन करून "थोडं थांब, येते," एवढंच म्हणाली. बाटली आणि सिरिंज घेऊन आली, चाक काढलं, हवा सोडून पिन बाहेर काढली. सिरिंज भरायला गेली, पण टोक काही केल्या बाटलीत जाईना. दोनदा तसं झाल्यावर तिने बाटली बाईंसमोर ठेवली.

"तुम्हीच घाला," ती म्हणाली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बाईंनी बाटली हलवली. नीट, तळाचा गाळ पार मिसळेपर्यंत. सिरिंज साठच्या रेघेपर्यंत भरली, उजेडात धरून पाहिली आणि दट्ट्या शेवटपर्यंत दाबला. पिन लावली. पंप मारताना त्यांना दम लागला तरी ऋजुता पुढे झाली नाही. हवा भरून झाल्यावर त्यांनी चाक फिरवलं, आडवं केलं, पुन्हा फिरवलं.

"झालं," त्या म्हणाल्या.

ऋजुताने चाक त्यांच्या हातातून घेतलं. घेऊन ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने ते कानाशी नेलं आणि हलवलं. आत चुळूक चुळूक वाजलं. तिने डोळे मिटून परत एकदा हलवलं आणि पुन्हा ऐकलं. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून सुहासिनीबाईंनी केलेलं काहीही, ताटातलं मीठ म्हणा की दाराला लावलेली कडी, तिने कधी तपासून पाहिलं नव्हतं.

चाक बसवून ती सायकल ढकलत दाराकडे निघाली. बाई वाटेतून बाजूला झाल्या. 

"मागचंही बघून घे," त्या म्हणाल्या.

ऋजुता थांबली. तिने सायकल मागून उचलली, कान खाली नेला आणि ते चाकही हलवून पाहिलं.