ओहोटीची वाट

मी खाडीकाठच्या गडब गावात घरी बसून व्हिडिओ गेम बनवते. एका गेममधलं जुनं भुयारी थडगं पाण्यानं भरलेलं होतं. खटका ओढला की पाणी झरकन उतरायचं.

खाडीचं पाणी शेतात शिरू न देणाऱ्या खारबांधावर जन्म गेलेले बाबा ते बघून हसले. "आपल्या बांधातलं पाणी सोडायला कुठं खटका हाय? ओहोटी लागली की बांधाच्या दारातली उघाडीची फळी आपसूक उघडते. तवर बसायचं."

मी चिडून खटकाच काढून टाकला. आता पाणी ओहोटीसारखं आपोआप, सावकाश उतरू लागलं आणि भिंतीतले दगडी चेहरे एकेक करून वर येऊ लागले. माझ्याच अंगावर काटा आला.

मग बाबांच्या हातात कंट्रोलर दिला. पाणी उतरलं, दार दिसलं, तरी ते हलेनात.

"जा ना आत."

"आधी सांग गो, भरती कधी लागते?"

भरती मी ठेवलीच नव्हती.