पाठराखिणीची तार

माह्या पोरीच्या बोर्डात भुंगा शिरला होता. खरा नाही, आवाजाचा. कानाले हेडफोन लावला का नुसतं घूंऽऽ. चार दिवसांपासून ईरा त्याच्यामागे लागली होती अन् मी तिच्यामागे, का बाई, दोन घास तरी खाऊन घे.

ईरा जबलपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाले होती. दोन हजार सातची गोष्ट. माइकातला आवाज कॉम्प्युटरात नेणारा बोर्ड तिनं सोताच्या हातानं केला होता. बाकीच्या पोरांनी बाजारातून तयार आणून वर आपलं नाव चिकटवलं, अन् कोणाकोणानं ते मी सांगू शकते. सोमवारी बंगलोरच्या कंपनीचे साहेब कॉलेजात येऊन हाच बोर्ड ऐकणार होते. आवाज साफ निघाला तर ईराले नोकरी. घूं निघाला तर साहेब परत अन् पोरगी घरी.

म्हून ती छोट्या लाईनीच्या गाडीनं बालाघाटले आली, बापाचा हात लागावा म्हून. आमच्या समोरच्या खोलीत रेडिओ अन् अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. मालकाचं नाव गुणाकर. मी ते तोंडानं घेत नाही, इथं लिहून देते. शनिवारी दुपारी त्यांनी बोर्ड उलटापालटा करून पाह्यला, "ग्राऊंड ढिलं असन" म्हणाले अन् लग्नाच्या भोंग्याकडे वळले. सीझन होता ना.

मी तांदूळ निवडत होती. ईरानं हेडफोन आपटला तसं सूप खाली ठेवलं.

"हा भुंगा येते कुठून, मले सांग."

"तुले काय समजन, आई?"

माह्या अंगाचा तिळपापड झाला. "तुले बोलाले कोणं शिकवलं वं? बारा वर्षं अभ्यास घेतला तेव्हा समजत होतं. सांग."

तिनं उसासा टाकला, पण सांगतलं. "हे पाह्य. माइकातून आवाज ह्या तारेनं येते. येताना घरातल्या लाईटची घरघर त्याले चिकटते. ह्या चिपेले दोन पाय आहेत. एकात आवाज जाते. दुसऱ्या पायाले रेफरन्स म्हणतात. चिप पहिल्यातून दुसरं वजा करते अन् उरते ते खरं धरते."

"मग दुसऱ्या पायाले तू काय जोडलं?"

"ग्राऊंड, म्हणजे शून्य धरतात ती तार. इथलंच, चिपेच्या बाजूचं. सगळ्यात जवळचं अन् सगळ्यात साफ."

मी हसली. हसू आवरेना. ईरा अशी चिडली का विचारू नका.

"तुह्या सीतामावशीचं लग्न झालं तेव्हा मी अकराची होती," मी म्हटलं. "मले पाठराखीण म्हून सोबत धाडलं. कटंगीहून लालबर्रा, खुल्या जीपीत. उतरलो तं सीताबाईचं तोंड धुळीनं काळंमिट्ट. तिची चुलतसासू म्हणते, पसंत केली तेव्हा गोरी होती, हे तं काळी निघाली. अन् पाहून कोणाकडे राह्यली होती, तं आपल्या पोरीकडे. ती सकाळपासून पावडर लावून घरात बसलेली."

"मग?"

"मग सीताबाईच्या सासूनं मले पुढं ओढलं. ओल्या पदरानं माहा गाल पुसला. म्हणते, पाहा, हिच्याही गालावर तेवढाच थर आहे. ही रस्त्याची धूळ आहे, पोरीचा रंग नाही." मी बोर्डाकडे बोट केलं. "तू चिपेले सासरचीच पोरगी दाखवून राह्यली. ती साफच असन ना. तिले धूळ कुठून लागन? माहेरून सोबत आलेली दाखव."

ईरानं बोर्ड हातात घेतला. मग उठली अन् बापाले हाक मारली. माइकाच्या तोंडाशी जे ग्राऊंड होतं तिथून दुसरी तार काढली, पहिलीच्या अंगाले अंग लावून आणली अन् गुणाकररावांनी भिंग धरून ती रेफरन्सच्या पायाले जोडली.

भुंगा अर्धा झाला. गेला नाही. ईराचं तोंड एवढुसं झालं, अन् मलेही वाईट वाटलं, खोटं काहून सांगू.

"दोघींले एकाच गाडीत बसवलं ना?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"नवरी खुल्या जीपीत अन् पाठराखीण काचा लावलेल्या मोटारीत असली तं धूळ सारखी कशी लागन?"

ईरानं बोर्ड डोळ्याजवळ नेला. आवाजाच्या तारेत मधी एक कपॅसिटर, वाटाण्याएवढा पुर्जा, बसवला होता. पाठराखिणीची तार सरळच गेली होती. "बाबा, असाच एक द्या, अगदी असाच," ती म्हणाली. डब्यातून तसाच निघाला.

मग तिनं माइक बापाजवळ ठेवला अन् हेडफोन माह्या कानावर. भुंगा नव्हता. काहीच नव्हतं. अन् त्या शांततेत आमच्या मालकाचं पुटपुटणं साफ आलं, "आता हे वर्षभर ऐकावं लागते."

"हौ, लागते," मी कानावरचा हेडफोन न काढताच ओरडली.

सोमवारी मी जबलपूरले गेली अन् बाकावर बसून देवाचं नाव घेत राह्यली. अर्ध्या तासानं ईरा बाहेर आली. साहेबांनी विचारलं होतं म्हणे, जवळ ग्राऊंड असून एवढ्या लांबून तार काहून आणली? तिच्या तोंडून निघून गेलं, ही पाठराखीण आहे. ते साहेब कानडी. त्यांले पाठराखीण पाह्यची होती.

मी आत जाऊन माह्या हिंदीत जीप, धूळ, चुलतसासू सगळं सांगतलं. साहेबांनी हेडफोन लावला होता. माइक माह्यापुढेच होता. बोलणं झालं तरी त्यांनी हेडफोन काढला नाही, डोळे मिटून ऐकत राह्यले. मग म्हणाले, "माताजी, सब साफ है," अन् ईराले जुलैत हजर व्हाले सांगतलं.

परतीच्या गाडीत मी सोबतचा भात ईराच्या पुढं केला. आनंद होता, अन् पोरगी जाणार हेही मनात होतं.

"आई," ईरा हळूच म्हणाली, "बंगलोरले एवढ्या दूर मी एकटी कशी जाऊ?"

"मी काय आता अकराची आहे?"

नैनपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाह्यलं. मग म्हटलं, "बापाले दोन तिकिटं काढाले सांग. अन् दोन्ही एकाच डब्यातली."