श्यामरावकाकांच्या अक्षता

राग माझ्या नाकावरच असते, हे रायपूरच्या आमच्या पुरानी बस्तीतल्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्यांले ठाऊक आहे. पण २००३ च्या दसऱ्यानंतर श्यामरावकाकांवर मी जेवढी चिडली, तेवढी पुन्हा कोणावर चिडली नाही.

नवीन राज्य, नवीन राजधानी, अन् आमचं हापिस शंकर नगरातल्या भाड्याच्या बंगल्यात. साहेब दिवाणखान्यात, फायली न्हाणीघरात. मी प्रमोदिनी, ठेक्यावरची ऑपरेटर, चोवीस वर्षांची. काका हेडक्लर्क, मूळचे वर्ध्याचे, निवृत्तीले तीन महिने उरलेले. सगळं हापिस हिंदीत चाले. आम्ही दोघंच डबा खाता खाता पोटभर मराठी बोलून घेऊ. काय दिवस होते बाप्पा! आता नव्या रायपुरात काचेच्या इमारतीत बसते, तरी ते न्हाणीघर आठवलं की जीव हळहळते.

जमिनीचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवायले एकच स्कॅनर आला होता. साहेबांचा लेखी हुकूम होता की मशीनले पाणी, हळद-कुंकू काही लावायचं नाही. अन् सुट्टीनंतर पाहते तर स्कॅनर हूं की चूं करेना. साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत चालू नाही झाला तर चौकशी बसवतो, सुट्टीत चाबी कोणाकडे होती तेही पाहतो.

चाबी काकांकडे होती. चौकशी बसली म्हणजे त्यांचे निवृत्तीचे कागद अडकले. त्यांनी मले बाजूले घेऊन हळूच सांगितलं. खंडेनवमीले एकटेच येऊन त्यांनी सगळ्या मशिनींची पूजा केली होती. स्कॅनरची तार काढून, पुसून, कुंकू-अक्षता वाहून पुन्हा खोचली होती. अवजाराले वर्षातून एकदा हात नाही जोडले तर ते रुसते, म्हणे. मी तोंडाले येईल ते बोलली. आपल्या बापाच्या वयाच्या माणसाले!

मग कॉम्प्युटरवर हुकूम लिहायची काळी खिडकी उघडून एल-एस-यू-एस-बी टाइप केलं. आमच्याकडे लिनक्स होतं. एवढं लिहिलं की कॉम्प्युटरले तारेनं काय काय जोडलं आहे त्याची यादी समोर येते. माऊस होता, कीबोर्ड होता, प्रिंटर होता. स्कॅनरची ओळच नाही. काका मागं उभे राहून एकेक अक्षर वाचून राहिले होते. तार बदलली, तरी नाही. शेवटी प्रिंटरची तार काढून त्याच्या जागी स्कॅनर खोचला, पुन्हा तेच टाइप केलं, अन् कंपनीच्या नावासकट ओळ उमटली. काकांनी डोळे मिटून हात जोडले.

म्हणजे स्कॅनर धडधाकट होता, बिघाड होता तो कॉम्प्युटरच्या त्या एका खोबणीत. कॉम्प्युटर बंद केला, टॉर्च धरली, केसातली पिन घातली. आतून कुंकवानं लाल झालेली तांदळाची कणी निघाली. ओल्या अक्षता आत गेल्या अन् काकांनी वरून तार दाबली होती. खोबण पुसली, दोन्ही तारा आपापल्या जागी खोचल्या, कॉम्प्युटर चालू करून पुन्हा यादी मागितली, तर चारही ओळी हजर. मी साहेबांकडे जाऊन सांगितलं की तार ढिली होती. साहेब खूश. विषय संपला असता.

पण काका उठले. ती कणी कागदावर घेऊन साहेबांच्या खोलीत गेले अन् सगळं सांगून आले. मशीन चालू होतं म्हणून चौकशी टळली. पण हुकूम मोडला म्हणून लेखी ताकीद मिळाली. चौतीस वर्षांच्या सर्व्हिस बुकात एक शेरा नव्हता, तो शेवटच्या तीन महिन्यांत लागला.

मी तडक त्यांच्या टेबलाशी गेली. म्हटलं, “काका, मी वाचवलं होतं ना तुम्हाले? काहून सांगितलं?”

काका डबा उघडून राहिले होते. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “पोरी, मले तीन महिने राहिले, तुले तीस वर्षं काढायची आहेत. तुझं पह्यलंच खोटं माझ्यासाठी नको.”

काकांनी अर्धी पोळी माझ्या डब्यात ठेवली, अन् मी तिथंच, सगळ्यांसमोर, ढसढसा रडली.